बाटलीला गुण की पैसे?

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीत प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांसाठी अ‍ॅप सुरू करायचे आहे. बाटली टाकली की गुण आणि गुणांवर खरेदीची कूपने. लोक टिकतील का?

उत्तर : कूपनाचा उत्साह लवकर ओसरतो. न लागणाऱ्या वस्तूवरची सवलत कुणाला हवी? त्यापेक्षा थेट यूपीआयवर रुपया-दोन रुपये द्या. रक्कम लहान असली तरी विश्वास बसतो. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर अनामत आहे, आज ती २५ सेंट. ग्राहकाचे स्वतःचे पैसे अडकलेले असतात, म्हणून तो बाटली परत आणतो. आपल्याकडेही २०१८ च्या प्लास्टिकबंदीत पेट बाटल्या ठरावीक किमतीला परत घेण्याची तरतूद होती. ती नीट राबवली गेली असती तर तुम्हाला अ‍ॅपची गरजच पडली नसती, असे मला वाटते.

मात्र एक गोष्ट आधी करा. तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी बोला. पेट बाटली हा त्यांच्या भंगारातला चांगला भाव मिळणारा माल. तो बाटल्या घेणाऱ्या मशीनने गिळला तर त्यांची कमाई बुडेल. संकलन त्यांच्याकडेच ठेवा, विक्रीचे पैसेही त्यांनाच मिळू द्या. अ‍ॅपने फक्त नोंद करावी आणि बक्षिसाचा खर्च सोसायटीने उचलावा.

बाटली रिकामी करून झाकणासकट द्या. कारखान्यात तुकडे पाण्यात टाकले की पेट बुडते, झाकणाचे प्लास्टिक तरंगते, त्यामुळे दोन्ही वेगळे करता येतात. बारकोड वाचणारे मशीन असेल तर बाटली चेपू नका.