डेंग्यूची झटपट तपासणी : आधी तापाचे दिवस मोजा

पावसाळा लागला की तीर्थपुरीच्या माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. "साहेब, डेंग्यूची पट्टी करा," असे आता रुग्णच सांगतात. रक्ताचे थेंब टाकले की पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो. सोय मोठी आहे. पण एकदा मी तिच्यावर विसंबून फसलो.

एक तरुण शेतकरी आला. "ताप दोन दिवसांपासून," म्हणाला. एनएस-१ची पट्टी निगेटिव्ह आली. मी गोळ्या देऊन घरी पाठविले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. आई म्हणाली, "दोन दिवस कशाचे? आज सातवा दिवस. अंगावर काढून फवारणीला जात होता." त्याने अंथरूण धरल्यापासून दिवस मोजले होते! तातडीने जालन्याला पाठविले. सलाईनवर तो सुधारला. तेथे एलायझा तपासणीत आयजीएम पॉझिटिव्ह आले.

असे का झाले? एनएस-१ हे विषाणूचेच प्रथिन. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जाते. आयजीएम ही आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. ती चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. चोर घरात असेल तर चोर शोधावा, निघून गेला असेल तर पावलांचे ठसे पाहावेत, तसेच हे. पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या रुग्णात एनएस-१ आणखी लवकर दिसेनासे होऊ शकते.

म्हणून तपासणी अचूक व्हावी यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) पहिली कणकण आली ती तारीख लिहून ठेवा आणि तीच डॉक्टरांना सांगा.

२) एनएस-१ व आयजीएम दोन्ही दाखविणारी पट्टी शक्यतो वापरावी.

३) पट्टी उन्हात, गरम कपाटात ठेवू नये, मुदत पाहावी. नियंत्रण रेघ उमटली नाही तर तपासणी बाद समजावी. ठरलेल्या वेळेनंतर निकाल वाचू नये.

४) पट्टीचा निकाल अंतिम नव्हे. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझाने निश्चिती करतात. त्यासाठीचे आयजीएमचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते.

५) निगेटिव्ह निकाल म्हणजे डेंग्यू नाहीच, असे नव्हे. ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पट्टीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये.

डेंग्यू शहरातच होतो, हा समजही सोडावा. शेजारच्या परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील साथीचा अभ्यास १९९१ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडे टंचाईमुळे रांजण, हौद भरून ठेवावे लागतात आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. तेव्हा ते झाकावेत आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेत.

पट्टी पंधरा मिनिटांत बोलते. पण तिला योग्य दिवशी विचारले तरच ती खरे बोलते.