सागरी संकटाचा इशारा आणि आपले कर्तव्य

हैदराबाद हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि भारताच्या किनाऱ्यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारी राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हे तिचे नाव असून तिची स्थापना १९९९ साली झाली.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटांना तमिळनाडूचा किनारा गाठण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला. एवढा अवधी असूनही हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणा नसल्याने तो वाया गेला आणि भारतात दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. या अनुभवातून ऑक्टोबर २००७ मध्ये या संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले.

भूकंपमापक यंत्रे प्रथम धक्क्याचे स्थान व तीव्रता कळवितात. समुद्रतळावरील दाबमापक यंत्रे पाण्याच्या पातळीतील सूक्ष्म बदल टिपतात व ती माहिती उपग्रहामार्फत केंद्राकडे येते. किनाऱ्यावरील भरतीमापक यंत्रे लाट आल्याची खात्री करून देतात. केंद्र व राज्य शासनांच्या आपत्ती यंत्रणांना सूचना जाते.

हा विषय केवळ पूर्व किनाऱ्याचा आहे, असे कोकणवासीयांनी समजू नये. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या.

परंतु सूचना हैदराबादहून निघाली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचली पाहिजे आणि घरातील प्रत्येकास काय करावे हे ठाऊक असले पाहिजे. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांनी अशी सिद्धता केली. २०२० साली युनेस्कोच्या महासागर आयोगाने त्यांना ‘त्सुनामी-सज्ज’ म्हणून मान्यता दिली.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी अवश्य शिकवाव्यात. किनाऱ्यावर जमीन जोराने हादरली, समुद्र एकाएकी मागे हटला किंवा त्यातून मोठी गर्जना ऐकू आली, तर सूचनेची वाट न पाहता उंच जागी जावे. उघडा पडलेला समुद्रतळ पाहण्यास थांबू नये. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. म्हणून अधिकृत सूचना मिळेपर्यंत परतू नये. ग्रामपंचायतींनी उंच जागा व तिकडे जाणारी वाट आधीच निश्चित करावी आणि वृद्ध, अपंग व बालकांना कोण नेईल हेही ठरवून ठेवावे.

यंत्र वेळ मिळवून देते. त्या वेळेचा उपयोग करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.