ठेकेदाराच्या एजंटाला समक्ष भेटावे काय?

आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण-तरुणी सातपूर, अंबड व सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. कोठे काम करता, असे विचारले तर ते कंपनीचे नाव सांगतात. परंतु पगार कोण देतो, हजेरी कोणाच्या नावावर लागते, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. कारण ते कंपनीचे नव्हे, ठेकेदाराचे कामगार असतात, आणि ठेकेदाराला त्यांनी पाहिलेलेही नसते. एजंटाचा फोन येतो, "आधार कार्ड घेऊन उद्या आठला गेटवर या" असा निरोप मिळतो आणि काम सुरू होते. अशा वेळी रोज बुडवून, गाडीभाडे खर्चून एजंटाला आधी समक्ष भेटण्यात फायदा आहे काय, याचा विचार या लेखात आपण करू.

इतिहास काय सांगतो?

पूर्वी नोकरी समक्ष भेटीशिवाय मिळतच नसे. मुंबईच्या कापड गिरण्यांत माणसे भरण्याचा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होता. त्याच्या गावचा, नात्याचा किंवा त्याचा हात ओला करणारा आत जाई. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने आपल्या १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची नोंद केली आणि कामगार भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली.

आपल्याच जिल्ह्यातील मनमाड येथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. आपला कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे अस्पृश्य चालत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे दाखवून दिले. नेमणूक एका माणसाच्या मर्जीवर राहिली की काय होते, याचे हे उदाहरण आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था सुरू झाली. युद्धसेवेतून मोकळे झालेले सैनिक व युद्धकामगार यांना पुन्हा कामाला लावणे, हा तिचा मूळ हेतू होता; तेथे काम ओळखीने नव्हे, नोंदीने मिळायचे होते.

मग भेट टाळावी काय?

समक्ष भेटीत आडनाव विचारले जाते, वस्ती विचारली जाते आणि चेहरा बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. परंतु भेट टाळल्याने भेदभाव टळतो, असेही नाही. प्रा. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज त्यांनी पाठविले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. म्हणजे तोंड न दाखवताही आडनाव आडवे येतेच. उलट भेटीत निदान आपले हातचे काम, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि बोलण्यातील आत्मविश्वास पुढे ठेवता येतो.

भेटीचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. एजंट आपल्याला पाहतो तसे आपणही त्याला पाहतो. त्याला कार्यालय आहे की नाही, पाटीवर नाव कोणाचे आहे, तो ठेकेदाराचा माणूस आहे की मधलाच दलाल, हे फोनवर कळत नाही. उद्या पगार थकला तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे त्याच दिवशी ठरते.

काय विचारावे?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोडात वाटा देणे आणि वेळेवर सुट्टी देणे. आपले प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१) काम कोणते, किती तासांचे, आणि जादा तासांचा दर काय?
२) हातात किती पगार येईल, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या खात्यातून?
३) राज्य कामगार विम्याचा क्रमांक केव्हा मिळेल? हा क्रमांक असेल तरच सातपूरच्या विमा रुग्णालयाचे दार उघडते.
४) बोनस व भविष्य निर्वाह निधी मिळेल काय? निधीचा यूएएन क्रमांक बारा अंकी असतो. जुना क्रमांक असल्यास तोच द्यावा. नाहीतर दर ठेकेदारागणिक निधीचे तुकडे पडतात.
५) साप्ताहिक सुट्टी व भरपगारी रजा किती?

उत्तरे मिळाली की नियुक्तिपत्र मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत सामावला गेला. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे. जेथे पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार आहेत, तेथे ठेकेदाराने पगार बुडविल्यास तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि मागितल्यास ठेकेदाराने अनुभवाचा दाखला द्यावा लागतो. परंतु आपण त्या ठेकेदाराचे कामगार आहोत, हे सिद्ध करणारा कागद जवळ नसेल तर कायद्याचा आधार घेणे फार अवघड होते.

कोणते पथ्य पाळावे?

नोकरी लावण्यासाठी एक रुपयाही देऊ नये. एजंटाचे कमिशन कामगाराच्या खिशातून जाता कामा नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नयेत, दाखवून परत घ्यावीत. कोऱ्या कागदावर सही करू नये. भेट कार्यालयात आणि दिवसाच घ्यावी. चहाच्या टपरीवर झालेल्या बोलण्याचा कोणी साक्षीदार नसतो. भगिनींनी एकटे न जाता सोबत कोणाला तरी न्यावे. शक्य तेव्हा दोघा-तिघांनी मिळून जावे, कारण एकट्याला टाळणारा एजंट तिघांना उत्तर देतो.

समाजबांधवहो, भेटीला जावे की न जावे, याचे उत्तर 'जावे' असेच आहे. पण हात जोडून कृपा मागण्यासाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी आणि कागद घेण्यासाठी जावे. नुसत्या भेटीने पूर्वी मुकादमाचे राज्य चालले. नुसत्या फोनने आज ठेकेदार अदृश्य झाला आहे. भेट आणि लेखी कागद ही दोन्ही हाती आली तरच कामगाराचे हित होते. आपल्या धम्माला तथागतांनी 'एहिपस्सिको' म्हटले आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. जेथे आपल्या कष्टाचा व्यवहार ठरतो, तेथेही हीच दृष्टी आपण ठेवू या. आपल्या विहारात कामावर नव्याने लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे पाच प्रश्न पाठ करून पाठवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!