मुंबई रिजन, मुक्काम पुलगाव

पुलगावात नोकरी म्हटलं की पूर्वी दोनच नावं निघायची, कापड गिरणी आणि लष्कराचा दारूगोळा डेपो. गिरणी बंद पडली, डेपोतली भरती मोजकी. त्यामुळे इंजिनिअरिंग झालेली पोरं नागपूरची नाहीतर पुण्याची गाडी पकडतात. मीही पकडली होती. आता घरूनच क्लाउडची कामं सांभाळतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या अ‍ॅझ्युर क्लाउडसाठी २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर सुरू केली, २०१६ च्या जूनमध्ये अ‍ॅमेझॉनचं (एडब्ल्यूएसचं) मुंबई रिजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा समूह, आलं. तिथल्या सर्व्हरला हात लावायला मुंबईत राहावं लागत नाही. गावातली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, एडब्ल्यूएस करू का अ‍ॅझ्युर?" कोणतंही करा. खालच्या गोष्टी दोन्हीकडे लागतातच.

१. आधी लिनक्स आणि नेटवर्क

बटणं दाबून सर्व्हर उभा करणं कोणालाही जमतं. तो उत्तर देईनासा झाला की कस लागतो. अशा वेळी एरर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर निरोप बहुधा मशीनपर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. म्हणजे सर्व्हिस बंद आहे किंवा भलत्याच पोर्टवर चालू आहे. 'टाइम्ड आउट' आलं तर निरोप वाटेतच अडला. मग सिक्युरिटी ग्रुप, फायरवॉल, राउट टेबल तपासा. हा फरक कळणारा माणूस पाच मिनिटांत नेमक्या जागी पोचतो. न कळणारा सर्व्हर रीस्टार्ट करत बसतो.

२. लाइन जाणार असं धरूनच काम करा

एप्रिल-मेच्या उन्हात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. पण खरी काळजी कामाच्या पद्धतीत घ्यायची. लांबलचक काम टर्मिनलवर थेट सुरू करू नका, एसएसएच तुटलं की डेटाबेसचं मायग्रेशन अर्ध्यावर मरतं. सर्व्हरवर आधी 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' उघडा आणि त्यात कमांड द्या. तुमचं नेट गेलं तरी काम तिकडे चालू राहतं, परत आलात की जोडून घेता येतं. स्क्रिप्टही अशी लिहा की पुन्हा चालवली तरी आधीचं बिघडणार नाही.

३. बिल महिनाअखेरची वाट न बघता वाचा

सर्व्हर डिलीट केला म्हणजे खर्च थांबला असं नसतं. डिस्क, स्नॅपशॉट, नॅट गेटवे मागे राहतात आणि मीटर फिरत राहतं. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. रक्कम किरकोळ वाटते, पण असे पन्नास पत्ते विसरले की साहेबांचा फोन येतो. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा. मात्र तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही.

४. परत आणून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे

गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण प्रत्येकाने वाचावं. रात्री दमलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. मग बॅकअप शोधायला गेले, तर ठरवून ठेवलेल्यांपैकी एकही धड कामाचा निघाला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. मधल्या काळातला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहून ठेवलं, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर उभा करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

५. सगळं एकाच जागी नको

हे आम्हा पुलगावकरांना समजावून सांगावं लागत नाही. दारूगोळा एकाच शेडमध्ये भरत नाहीत. शेडमध्ये अंतर ठेवतात, म्हणजे एकीला आग लागली तर बाकीच्या वाचतात. ३१ मे २०१६ ची डेपोतली आग ज्यांनी अनुभवली, त्यांना अंतराचं मोल ठाऊक आहे. अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन म्हणजे हेच, एकाच रिजनमध्ये अंतर ठेवून उभारलेली डेटा सेंटर. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात ठेवणाऱ्या ग्राहकांच्या हाती काही उरलं नाही. एक प्रत दुसऱ्या रिजनमध्ये आणि वेगळ्या अकाउंटमध्ये ठेवा.

६. घड्याळ बघा

क्लाउडवरचे सर्व्हर सहसा यूटीसीवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री बाराला लावलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला धावतं. 'कालची विक्री' कुठल्या घड्याळाने मोजायची, हे आधीच ठरवून घ्या.

७. साधं इंग्रजी लिहा, पण लिहा

मराठी शाळेतून आलेली पोरं कोडला भीत नाहीत, ईमेलला भितात. सर्व्हर पडल्यावर चार ओळी पुरतात. काय बंद आहे, केव्हापासून, कोणाला फटका बसलाय, पुढचा निरोप किती वाजता देणार. काही सापडलं नसलं तरी त्या वेळेला निरोप द्यायचाच. माझी ओळख कोडपेक्षा या चार ओळींनी जास्त झाली.

८. सर्टिफिकेट घ्या, पण तिथे थांबू नका

रेझ्युमे चाळणीतून पुढे सरकायला त्याचा उपयोग होतो. अ‍ॅमेझॉनचं तीन वर्षं चालतं, मायक्रोसॉफ्टची बरीचशी दरवर्षी फुकटात नूतनीकरण करावी लागतात. सोबत स्वतः उभारलेलं काहीतरी दाखवता यायला हवं. एखाद्या कृषी केंद्राचा स्टॉकचा हिशेब चालेल, कोणी रोज वापरणारं असलं म्हणजे झालं. वापरणारा असला की ते बंद पडतं, रात्री फोन येतो आणि त्यातूनच माणूस शिकतो.

मुलाखतीत गाव कुठलं, हे फार तर एकदा विचारतात. सर्व्हर पडला तेव्हा तुम्ही काय केलं, हे मात्र खोदून खोदून विचारतात. त्याचं उत्तर तयार ठेवा.