स्वतःच्याच मेदाने चेहऱ्याची भरणी : एक परिचय

गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी रास्त प्रश्न विचारला : धर्मादाय रुग्णालयात चेहरा सुंदर करण्याच्या शस्त्रक्रिया कशासाठी? प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. आमच्या शल्यचिकित्सकांकडून जे समजले, ते येथे नम्रपणे मांडत आहे.

या शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच पोटावरील किंवा मांडीवरील चरबी बारीक नळीने शोषून घेतात, तिच्यातील रक्त व तेल वेगळे करतात आणि शुद्ध मेद चेहऱ्याच्या खोलगट भागात भरतात. कल्पना जुनी आहे. १८९३ साली गुस्टाव्ह नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने दंडातील चरबीच्या लहान तुकड्यांनी चेहऱ्यावरील खोल व्रण भरून काढला होता. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी कोलमन यांनी या कामाला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले.

मेद थेंबाथेंबाने का भरावा लागतो? नव्या जागी त्याला आरंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सभोवतालच्या ऊतींवरच तो जगतो. भाताच्या लावणीत रोपांची अख्खी जुडी एके ठिकाणी न रोवता ती सुटी करून अंतराने लावतात, तसेच हे आहे. एकाच जागी गोळा भरल्यास आतील मेद मरतो.

काळजी घेऊनही काही भाग शरीर शोषून घेते. म्हणून परिणाम काही महिन्यांनंतरच पाहावा. पुन्हा भरणी करावी लागू शकते. वजन वाढल्यास भरलेला मेदही वाढू शकतो. सूज, जंतुसंसर्ग व असमानता हे धोके आहेतच. क्वचित मेद रक्तवाहिनीत शिरून दृष्टीही जाऊ शकते. त्यामुळे हे काम प्रशिक्षित शल्यचिकित्सकानेच करावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पॅरी-रॉम्बर्ग या विकारात चेहऱ्याची एक बाजू हळूहळू झिजत जाते. अशी एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. ती सदैव ओढणीने गाल झाकून बसे. पहिल्या भरणीनंतर गाल भरला, पण काही महिन्यांत पुष्कळसा ओसरला. तिच्या आईने डोळ्यांत पाणी आणून विचारले, "साहेब, आमचे पैसे वाया गेले का?" दोष आमचा होता, ही शक्यता आधी स्पष्ट सांगितली गेली नव्हती. दुसऱ्या भरणीनंतर तिने ओढणी सोडली. तेव्हापासून ही माहिती सोप्या मराठीत लेखी देऊनच संमतिपत्रावर सही घेतली जाते.

केवळ सौंदर्यासाठी येणाऱ्यांकडून पूर्ण शुल्क घेतले जाते. त्यासाठी देणगीतील एक रुपयाही खर्च होत नाही. उलट, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. आपली देणगी मात्र भाजलेल्या, अपघातग्रस्त व विकारग्रस्त चेहऱ्यांसाठीच राखून ठेवली आहे. त्यांच्यासाठी ही चैन नव्हे, चारचौघांत मान वर करून वावरण्याचा प्रश्न आहे.