लाल अक्षर आणि लोकलज्जा

नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक त्याआधी सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या बोस्टनमध्ये, प्युरिटनांच्या वसाहतीत घडते. तेथे पाप आणि गुन्हा यांत भेद नव्हता. नवऱ्याच्या गैरहजेरीत मूल झालेल्या हेस्टर प्रिनला तान्ह्या मुलीसह तीन तास चौथऱ्यावर उभे करतात. शिवाय छातीवर लाल 'ए' हे अक्षर जन्मभर वागविण्याची शिक्षा होते. या शिक्षेचे खरे हत्यार म्हणजे गर्दीचे डोळे.

परंतु समाजाने अक्षर दिले, तरी त्याचा अर्थ समाजाच्या हाती राहिला नाही, हेच मला या कादंबरीचे मर्म वाटते. हेस्टर ते अक्षर सोनेरी धाग्याने भरते. शिवणकाम करून ती पोट भरते, आजाऱ्यांची शुश्रूषा करते आणि सात वर्षांत लोक त्याच 'ए'चा अर्थ 'एबल', म्हणजे समर्थ, असा लावू लागतात. आकाशात उल्केच्या प्रकाशाने तेच अक्षर उमटते, तेव्हा धर्मोपदेशक डिम्सडेलला त्यात स्वतःचे पाप दिसते. गावाला मात्र 'एंजल', म्हणजे देवदूत दिसतो. छोट्या पर्लला तर अक्षरावाचून आई ओळखूच येत नाही.

चौथऱ्याचे प्रसंग तीन आहेत. पहिल्यात डिम्सडेल, त्या मुलीचा बाप, वर सज्जात अधिकाऱ्यांबरोबर बसलेला असतो. दुसऱ्यात तो रात्री, कोणी पाहत नसताना चौथरा चढतो. तिसऱ्यात भर दिवसा सर्वांसमक्ष कबुली देऊन तेथेच प्राण सोडतो. उघड झालेली लज्जा हेस्टरने पचविली. लपविलेल्या लज्जेने त्याला पोखरले.

यावरून जाहीर बेअब्रू माणसाला तारते, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मला मान्य नाही. हेस्टरला तारले ते तिच्या कष्टांनी आणि पर्लने. गर्दीने तिला फक्त एकटे पाडले. प्रस्तावनेत हॉथॉर्न आपल्या कठोर प्युरिटन पूर्वजांबद्दलची लाज स्वतःच्या माथी घेतो. त्यांपैकी एक १६९२ च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. म्हणजे लेखकाच्या लेखी लाज वाटायला हवी ती न्याय करणाऱ्यांना!

अखेरीस हेस्टर परदेशातून बोस्टनला परत येते आणि कोणाचीही सक्ती नसताना ते अक्षर पुन्हा धारण करते. मग दुःखी स्त्रिया तिच्या झोपडीत सल्ला विचारायला येऊ लागतात.