कोरडा कुणाच्या पाठीवर

सेलू

चि. दादू,


तुमच्या बँडच्या अल्बमसाठी तू काढलेलं मुखपृष्ठ तुझ्या आईने मला फोनवर पाठवलं. रडत होती. हातपाय तोडलेली बाई, तिला चेहराही नाही. तू आईला म्हणालास, "डेथ मेटलमध्ये असंच असतं." म्हणून दोन रात्री हेडफोन लावून मी ते सगळं ऐकलं.

असतं खरं. कॅनिबल कॉर्प्स या बँडच्या मुखपृष्ठांवर जर्मनीत बंदी आली होती. आपल्या मुंबईच्या गटस्लिटचं तर नावच आतडी फाडण्याचं. कारकासने १९८८ मध्ये शवविच्छेदनाचे फोटो कापून, चिकटवून मुखपृष्ठ केलं. वाजवणाऱ्यांत शाकाहारी होते. माणूसही शेवटी मांसच, हे मला त्यातून कळलं. पण नॉर्वेच्या मेहेमचं वाचून मी उठून बसलो. १९९१ मध्ये त्यांच्या गायकाने आत्महत्या केली, तर सोबत्याने आधी प्रेताचे फोटो काढले. त्यातला एक पुढे रेकॉर्डवर छापला गेला.

तेव्हा मला आठवलं, लहानपणी आपल्या गल्लीत कडकलक्ष्मी यायची. पोतराजाचा कोरडा हवेत कडाडला की तुझी आई माझ्या शर्टात तोंड लपवायची. मी मात्र बघायचो. पाठीवर वळ उठलेले, त्यावर हळद. सगळी गल्ली हादरायची, पण तो कोरडा त्याच्या स्वतःच्या पाठीवर पडत होता. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईने अभंगात भर बाजारात पदर ढळू दिला, स्वतःला वेसवा म्हणवून घेतलं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा लोकांना त्यातल्या शब्दांची किळस आली. पण ज्या वस्तीबद्दल ते लिहीत होते, तिथे ते स्वतः राहिले होते.

तुझ्या चित्रातली बाई कोण रे? तिच्याबद्दल तुला काय माहीत आहे? तिचं दुखणं तुझं नाही, तिच्या अंगावर घाव मात्र तू घातलेस. मला राग आहे तो याचा, रक्ताचा नाही.

फुलं काढ, असं मी म्हणणार नाही. वाजवणं तर सोडूच नकोस. तिसऱ्या गाण्यात तुझा ड्रम मध्येच थांबतो तिथे माझा श्वास अडकला. तुझे बाबा गेले त्या वर्षी तू महिनाभर बोलला नव्हतास. ते कसं दिसतं, ते काढ. भीषण असलं तरी चालेल. आईला मी समजावीन.

छापायला देण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा